स्टायनर-विचारातल्या प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्ती: नाशिकहून अर्ज करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका खासगी बालवाडीत सहा वर्षं शिकवणाऱ्या ताईंना वॉल्डॉर्फ शिक्षणपद्धतीचं, म्हणजे रुडॉल्फ स्टायनर यांच्या विचारावर उभ्या राहिलेल्या पद्धतीचं, प्रशिक्षण घ्यायचं आहे. बी.एड. झालेलं आहे, पगार महिना बावीस हजार, इंग्रजी कामापुरतं येतं. त्यांच्या भावाची दिंडोरीजवळ द्राक्षबाग आहे आणि त्याला बायोडायनॅमिक, म्हणजे त्याच विचारातली सेंद्रिय शेती शिकायची आहे. शिष्यवृत्ती कुठून मिळते, अर्ज कसा करायचा आणि त्यासाठी युरोपात जावंच लागतं का, असं त्यांनी विचारलं आहे.

युरोपात जावंच लागतं असं नाही, आणि पहिल्याच फटक्यात तर जाऊच नये. याचं कारण या क्षेत्रातल्या पैशाच्या स्वभावात आहे, म्हणून आधी ते.

ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर (१८६१–१९२५) यांच्या ज्या विचारातून ही सगळी कामं उभी राहिली त्याला अँथ्रोपॉसॉफी म्हणतात. पहिली वॉल्डॉर्फ शाळा १९१९ साली श्टुटगार्टला, सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी निघाली. बायोडायनॅमिक शेतीची सुरुवात १९२४ च्या जून महिन्यात कोबरविट्झ इथे झालेल्या व्याख्यानांतून झाली. विशेष गरजा असलेल्या मुलांचं शिक्षण, वैद्यकातली शाखा आणि युरिद्मी ही हालचालींची कला हीसुद्धा त्याच कुटुंबातली. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ डॉर्नाख इथलं गोएथेआनुम हे या सगळ्याचं केंद्र. पण ते केंद्र म्हणजे काही विद्यापीठाचं मुख्यालय नव्हे. जगभरातल्या प्रशिक्षण संस्था आपापल्या स्वतंत्र आहेत. त्यामुळे एक फॉर्म, एक पोर्टल, एक गुणवत्ता यादी असला प्रकार इथे नाही.

पैसा येतो तो छोट्या न्यासांकडून, संघटनांकडून आणि देणगीदारांकडून. जर्मनीतली ‘फ्रॉइंडे डेर एर्त्सीउंग्सकुन्स्ट रुडॉल्फ स्टायनर्स’ ही संस्था १९७१ पासून जगभरातल्या वॉल्डॉर्फ शाळांना आणि शिक्षक-प्रशिक्षणाला मदत करते. तिच्या एका उपक्रमात शाळेतली मुलं एक दिवस काम करून मिळालेले पैसे दुसऱ्या देशांतल्या मुलांच्या शिक्षणासाठी पाठवतात. कोणीतरी शेजाऱ्याची बाग साफ करून, केक विकून जमवलेला हा पैसा आहे, हे अर्ज लिहिताना मनात असावं. असा निधी वाटणारी माणसं दोन-चारच असतात आणि ती अर्ज वाचतात, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. टक्केवारी त्यांच्या दृष्टीने दुय्यम. त्यांना हे बघायचं असतं की ही व्यक्ती आज काय काम करते, प्रशिक्षणानंतर तिथे काय बदलेल, आणि आपण पैसे दिले नाहीत तर नेमकं काय अडेल. या तिन्हींची उत्तरं अर्जात सापडली नाहीत, तर भाषा कितीही सुंदर असो, अर्ज मागे राहतो.

म्हणूनच भारतात सुरुवात केलेल्या माणसाचा अर्ज वजनदार ठरतो. हैदराबादची श्लोका शाळा १९९७ पासून आणि मुंबईत अंधेरीची त्रिधा २००० पासून चालू आहे. अशा जुन्या शाळांभोवती शिक्षक-प्रशिक्षणाचे वर्गही उभे राहिले. नोकरी सांभाळून करता येतील असे अंशकालीन अभ्यासक्रम बरेच आहेत. ते साधारणपणे शाळांच्या सुट्ट्या धरून निवासी सत्रांत घेतात आणि दोन-तीन वर्षं चालतात. नाशिकहून पहाटे पंचवटी एक्सप्रेस पकडली की मुंबईतल्या शाळेत अर्धा दिवस वर्ग बघून त्याच रात्री परत येता येतं. अर्ज करण्याआधी अशी एक-दोन निरीक्षणं जरूर करा. आधी ईमेल पाठवून परवानगी घ्या, बालवाडीचाच वर्ग मागा, वर्गात शांत बसा, मोबाइल बाहेर ठेवा आणि घरी आल्यावर दोन पानं टिपण लिहा. हेच टिपण पुढे अर्जातला सर्वात जिवंत भाग होतं.

आता पैसे मागायचे कोणाकडे आणि कुठल्या क्रमाने. इथे बहुतेक जण उलटं जातात: आधी परदेशी निधीला पत्र, मग संस्थेला, शाळेला तर शेवटपर्यंत कळवतच नाहीत. पहिली पायरी प्रशिक्षण संस्थाच. फीत सवलत आहे का, हप्ते पडतील का, हे प्रवेशअर्जाबरोबरच स्पष्ट विचारा. त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. कमी पगाराचे शिक्षक हेच या वर्गांचे मुख्य विद्यार्थी आहेत आणि संस्थांना ते पुरतं ठाऊक असतं. दुसरी पायरी म्हणजे तुमची स्वतःची बालवाडी. रोख पैसे नाही दिले तरी भरपगारी रजा, बदली शिक्षिकेचा खर्च, साहित्य, यातलं काही ना काही शाळा देऊ शकते, आणि ते लेखी दिलं तर बाहेरच्या निधीच्या नजरेत अर्जाची किंमत वाढते. बाहेरचा निधी या दोघांनंतर.

सरकारी योजनांमागे वेळ घालवू नका. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजना विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीशी बांधलेल्या आहेत, महाडीबीटीवरच्या योजना मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांसाठी आहेत. वॉल्डॉर्फ प्रशिक्षण या दोन्हींत बसत नाही. टाटांचा जे. एन. टाटा एन्डोमेंट (१८९२ पासून चालू) किंवा के. सी. महिंद्रा ट्रस्ट यांचा विचार फक्त तेव्हाच करा, जेव्हा तुम्ही मान्यताप्राप्त विद्यापीठात पदव्युत्तर पदवी घेणार असाल. जर्मनीत बॉनजवळचं आलानुस हे तसं एक ठिकाण आहे. आणि या दोन ट्रस्टकडूनही मिळतं ते कर्जाऊ, परत फेडायचं.

याच ओघात एक गोष्ट स्पष्ट करतो. वॉल्डॉर्फचं प्रमाणपत्र बी.एड. किंवा डी.एल.एड.ची जागा घेत नाही आणि टीईटीमधून सूटही देत नाही. तुमचं बी.एड. झालेलं आहे, हे फार चांगलं. ज्यांचं झालेलं नाही त्यांनी आधी ते करावं, नाहीतर प्रशिक्षण उत्तम होऊनही अनुदानित शाळेचं दार बंदच राहतं.

पैसा कोणत्या वाटेने येणार, हे अर्जाआधी ठरवा. कित्येक मंजूर शिष्यवृत्त्या इथेच अडकतात. परदेशी निधी म्हणतो, आम्ही पैसे तुमच्या शाळेच्या न्यासाला पाठवतो. पण न्यासाची परकीय अंशदान कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर तो पैसा घेणं हा गुन्हा ठरतो. ओळखीच्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेकडे पैसे घेऊन पुढे वळते करू, असा तोडगा पूर्वी सुचवला जायचा. २०२० च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. आता एका संस्थेने घेतलेलं परकीय अंशदान दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि नोंदणीकृत संस्थेलाही ते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच स्वीकारावं लागतं. व्यक्तीला शिक्षणासाठी मिळणारी शिष्यवृत्ती मात्र कायद्यानेच या बंधनातून वगळलेली आहे. त्यामुळे सुरक्षित मार्ग दोन. अभ्यासक्रम परदेशात असेल तर निधीने फी तिथल्या संस्थेलाच थेट भरावी. भारतात असेल तर प्रशिक्षण संस्थेची एफसीआरए नोंदणी आहे का ते विचारावं, किंवा शिष्यवृत्ती तुमच्या नावाने, तुमच्या वैयक्तिक खात्यावर, मंजुरीपत्रासह यावी. मंजुरीपत्रात ‘शिक्षणासाठी शिष्यवृत्ती’ असे स्पष्ट शब्द, अभ्यासक्रमाचं नाव, कालावधी आणि रक्कम हवी. पैसे आले की बँक कारण विचारते, तेव्हा हेच पत्र दाखवायचं. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती करमुक्त असते, पण पत्र आणि खर्चाच्या पावत्या जपून ठेवा. अनुदानित किंवा सरकारी शाळेत असणाऱ्यांनी आधी विभागाची लेखी परवानगी घ्यावी.

आता पत्र. अर्ज इंग्रजीत जाणार असला तरी पहिला खर्डा मराठीत लिहा. विचार मराठीत आणि लिहिणं थेट इंग्रजीत असं झालं की तयार वाक्यं घुसतात, आणि ती वाचणाऱ्याने शंभर वेळा वाचलेली असतात. असा परिच्छेद नेहमी दिसतो: ‘मला लहानपणापासून मुलांची आवड आहे. आजची शिक्षणपद्धती घोकंपट्टीवर आधारित आहे. वॉल्डॉर्फ शिक्षण मुलांचा सर्वांगीण विकास करतं, म्हणून मला ते शिकायचं आहे.’ यात खोटं काही नाही, पण तुमचंही काही नाही. ते कोणीही लिहू शकेल.

त्याऐवजी वर्गातून सुरू करा. ‘माझ्या वर्गात चार ते पाच वयाची चोवीस मुलं आहेत. त्यातल्या निम्म्यांच्या घरी मराठी बोलत नाहीत. मागच्या जूनपासून मी गोष्ट चित्रपुस्तकाशिवाय तोंडी सांगते, तीच गोष्ट आठवडाभर. तिसऱ्या दिवसापासून मुलं वाक्यं पूर्ण करतात आणि शुक्रवारी स्वतः गोष्ट करून दाखवतात. पण रंगकामात मी अडते. ओल्या कागदावर जलरंग दिले की चिखल होतो, आणि मला कळत नाही की चूक रंगाची, कागदाची की माझ्या घाईची. शिवाय पालक विचारतात की जूनपर्यंत अक्षरं का लिहून घेत नाही. मला त्यांना पटेल असं उत्तर देता येत नाही. या दोन गोष्टी मला शिकायच्या आहेत.’ हे वाचणाऱ्याला वर्ग दिसतो. काय जमतं आणि काय अडतं हेही दिसतं. अडचण लिहिल्याने अर्ज दुबळा होत नाही. उलट, प्रशिक्षण कशाला हवं याचं तेच सर्वात खरं कारण असतं.

पत्र दीड पानापेक्षा लांबवू नका. निम्मं पत्र आजच्या कामावर, पाव भाग या अभ्यासक्रमातून नेमकं काय हवं त्यावर, आणि उरलेलं पुढच्या तीन वर्षांवर. ‘नाशिकमध्ये वॉल्डॉर्फ शाळा सुरू करणार’ असं लगेच लिहू नका. जागा, मान्यता, पालक, पैसा यांचा हिशेब नसताना ते वाक्य स्वप्नरंजन वाटतं. ‘दुसऱ्या वर्षी आमच्या बालवाडीच्या दोन गटांत सकाळचा फेर आणि तोंडी गोष्ट नियमित करीन, तिसऱ्या वर्षी शाळेतल्या दोन शिक्षिकांना सोबत घेईन’ एवढं पुरे, आणि ते करून दाखवण्यासारखं आहे.

सण आणि धर्म याबद्दल दोन शब्द, कारण मुलाखतीत हा विषय निघतोच. स्टायनर यांच्या विचारात ख्रिस्ताला मध्यवर्ती स्थान आहे आणि युरोपातल्या वॉल्डॉर्फ शाळांचं वर्ष ख्रिस्ती सणांभोवती फिरतं. तिथल्या मायकेलमस किंवा ॲडव्हेंटची नक्कल नाशिकच्या वर्गात करायची गरज नाही, तसा आग्रहही नसतो. ऋतूशी जोडलेला सण मुलांच्या अंगी कसा उतरतो, हे त्यातलं सार. आपल्याकडे नवरात्रातला भोंडला आहे: मध्ये हत्तीचं चित्र, भोवती फेर, रोज वाढत जाणारी गाणी, शेवटी खिरापत ओळखायची. फेर, लय, पुनरावृत्ती आणि उत्सुकता हे सगळं त्यात आधीच आहे. तुम्ही वर्गात भोंडला कसा घेता हे पत्रात चार ओळींत सांगितलं, तर वाचणाऱ्याला तुमची समज सहज दिसेल. स्टायनर यांच्या लेखनातल्या काही विधानांवर, विशेषतः वंशाबद्दलच्या विधानांवर, गंभीर टीका झालेली आहे. त्याबद्दल विचारलं तर सगळं मान्य असल्याचा आव आणू नका. काय वाचलं, काय पटलं, काय पटलं नाही, हे साधेपणाने सांगा.

शिफारसपत्रं दोन लागतात. नगरसेवकाचं किंवा बी.एड. कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र इथे उपयोगाचं नाही. एक मुख्याध्यापिकेचं, ज्यात तुमचं काम, रजेची हमी आणि शाळेचा वाटा लिहिलेला असेल. दुसरं अशा कोणाचं, ज्यांनी तुम्हाला शिकवताना पाहिलं आहे. शक्यतो वॉल्डॉर्फ क्षेत्रातलं. असं कोणी नसेल तर अनुभवी शिक्षिकेला एक दिवस वर्गात बोलवा. नाशिकला सिंहस्थ आहे, त्यामुळे २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असा कार्यक्रम ठेवू नका, पाहुण्यांना राहायला जागा मिळणार नाही.

अंदाजपत्रकात अर्ज खऱ्या अर्थाने तपासला जातो. उदाहरणादाखल काही आकडे धरू. तुमचे आकडे संस्थेच्या पत्रकातून घ्या. समजा, वर्षाची फी ४५,००० रुपये, निवासी सत्रांचं राहणं-जेवण २०,०००, प्रवास ४,०००, जलरंग, मेणाचे खडू, कागद, रेकॉर्डर बासरी वगैरे साहित्य ६,०००, दुसऱ्या शाळेत दोन आठवडे निरीक्षणासाठी राहण्याचा खर्च ८,०००, आणि तुमच्या जागी बदली शिक्षिका १२,०००. बेरीज ९५,०००. आता दुसरी बाजू: तुम्ही स्वतः २०,०००, शाळा बदली शिक्षिकेचे १२,००० आणि निरीक्षणाचे ८,००० मिळून २०,०००, संस्थेची सवलत १५,०००. उरले ४०,०००, तेवढेच निधीकडे मागायचे. दोन्ही बाजू रुपयाला रुपया जुळल्या पाहिजेत. बदली शिक्षिकेचा खर्च बहुतेक जण लिहीतच नाहीत आणि मग दुसऱ्या वर्षी शाळा रजा नाकारते, म्हणून तो लिहाच.

स्वतःचा वाटा शून्य दाखवू नका. महिना सतराशे रुपये बाजूला टाकले की वर्षाला वीस हजार होतात; ते मागच्या सहा महिन्यांच्या पासबुकात दिसले तर फारच उत्तम. अभ्यासक्रम तीन वर्षांचा असेल तर तिन्ही वर्षांचं अंदाजपत्रक द्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आठ-दहा टक्के वाढ धरा. रक्कम युरोत मागायची असेल तर कोणत्या तारखेचा दर धरला ते लिहा. मधल्या बँका आपलं शुल्क कापून घेतात, त्यामुळे हाती थोडे कमी येतात. ते शुल्क पाठवणाऱ्याने भरावं असं आधीच ठरवून घ्या. आणि झालेल्या खर्चाची भरपाई मागू नका. सत्र संपल्यावर आलेला अर्ज जवळपास सगळीकडे नाकारला जातो.

कागदपत्रांत आपल्याकडचा सर्वात मोठा घोळ नावाचा. महाराष्ट्रातल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनाव आणि दिलेलं नाव असे दोन रकाने. परदेशी फॉर्मवर पहिलं, मधलं, शेवटचं. त्यात लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर एकाच बाईची तीन कागदांवर तीन नावं होतात, आणि प्रवेशपत्र एका नावाने, व्हिसा दुसऱ्या नावाने असा पेच पडतो. नियम एकच पाळा: पहिल्या ईमेलपासून शेवटच्या पावतीपर्यंत पासपोर्टवरचं नाव, त्याच स्पेलिंगने, त्याच क्रमाने. गुणपत्रिका माहेरच्या नावाची असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद सोबत जोडा. पासपोर्ट अजून काढलेला नसेल तर तो काढतानाच कोणतं नाव ठेवायचं ते ठरवा. उत्पन्नाच्या पुराव्यासाठी पगारपत्रक आणि आयकर विवरणपत्र पुरतं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सेतूतून काढून ठेवला तर चांगलं, मात्र तो मराठीत असतो, त्यामुळे इंग्रजी भाषांतर जोडावं लागेल.

परदेशाचा विचार भारतातलं निदान एक वर्ष पूर्ण झाल्यावर करा. इंग्रजीतून शिकायचं असेल तर गोएथेआनुममधले इंग्रजी अभ्यासक्रम, इंग्लंडमध्ये ससेक्समधलं इमर्सन कॉलेज (१९६२ पासून) ही माहितीतली नावं. जर्मनीतल्या पूर्णवेळ शिक्षक-प्रशिक्षणाला जर्मन लागते, आणि चांगली लागते. मुलांपुढे उभं राहायचं असल्याने बी२, म्हणजे मध्यमाच्या वरची पातळी, हा व्यवहारातला तळ समजा. नाशिकमध्ये खासगी वर्ग आहेत, पण गोएथे इन्स्टिट्यूटची जवळची केंद्रं पुणे आणि मुंबई. शून्यापासून बी२ पर्यंत नोकरी सांभाळून दीड-दोन वर्षं सहज जातात. शिष्यवृत्ती आधी आणि भाषा नंतर, असा क्रम चालत नाही.

व्हिसाच्या वेळी एक फरक नीट समजून घ्या. फीमाफी आणि शिष्यवृत्ती या वेगळ्या गोष्टी आहेत. संस्थेने फी माफ केली म्हणून वकिलातीच्या दृष्टीने तुमचा राहण्याचा खर्च सुटत नाही. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी सप्टेंबर २०२४ पासून महिना ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो, दाखवावे लागतात. ते बंद खात्यात (ब्लॉक्ड अकाउंट, ज्यातून महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते) ठेवा, किंवा निधीच्या पत्रात महिना किती आणि किती महिने हे स्पष्ट असू द्या, किंवा तिथल्या कोणी अधिकृत हमीपत्र द्यावं. ‘विद्यार्थिनीला योग्य ती मदत केली जाईल’ असलं मोघम पत्र उपयोगाचं नाही. पदवीचा अभ्यासक्रम असेल तर भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्रही (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं) लागतं, त्याचा वेळ वेगळा धरा. ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसासाठी संस्थेकडे प्रायोजक परवाना असावा लागतो, अमेरिकेत संस्था सरकारी यादीत असावी लागते. लहान संस्थांच्या बाबतीत हा प्रश्न फी भरण्याआधी विचारा. तीन आठवड्यांच्या सेमिनारसाठी शेंगेन व्हिसा पुरतो: शुल्क ९० युरो, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो.

वेळेचा हिशेब उलटा मांडा. सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होणार असेल तर आदल्या दिवाळीपर्यंत संस्था ठरलेली असावी, डिसेंबरपर्यंत प्रवेशाचं पत्र हाती, जानेवारी-फेब्रुवारीत शिष्यवृत्तीचे अर्ज रवाना, आणि मे महिन्यात व्हिसा. प्रवेशपत्राशिवाय निधीला अर्ज करू नका, तो बाजूला ठेवला जातो. आणि जो कोणी शिष्यवृत्ती देण्यासाठी आधी ‘प्रोसेसिंग’चे पैसे मागतो, त्याच्याशी पुढे बोलूच नका.

तरुण मुलामुलींसाठी आणखी एक वाट आहे आणि ती नाशिकमध्ये फार कमी जणांना माहीत आहे. वर उल्लेख केलेली ‘फ्रॉइंडे’ ही जर्मन संस्था परदेशी तरुणांना वर्षभराच्या स्वयंसेवेसाठी जर्मनीतल्या वॉल्डॉर्फ संस्थांत आणि विशेष गरजा असलेल्यांच्या वसाहतींत घेते. राहणं, जेवण, विमा आणि हातखर्च मिळतो. विशेष गरजा असलेल्यांसाठीच्या कॅम्पहिल वसाहतीही (सुरुवात १९४० च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये, कार्ल केनिग यांनी केली) असेच स्वयंसेवक घेतात. काम कष्टाचं असतं: प्रौढ माणसाला आंघोळ घालणं, स्वयंपाक, रात्रपाळी. पण वर्षाअखेरीस भाषा आलेली असते, शिफारसपत्र मिळतं आणि पुढच्या प्रशिक्षणाची दारं उघडतात. ज्यांना शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याइतका कामाचा अनुभवच नाही, त्यांनी हा मार्ग धरावा.

आता भावाबद्दल. त्याने शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याआधी एका हंगामाची नोंदवही तयार करावी. भारतात बायोडायनॅमिक असोसिएशन ऑफ इंडिया कोडाईकनालहून काम करते. तिथून प्रशिक्षणाची चौकशी करावी आणि तयार शिंगखत (गाईच्या शिंगात शेण भरून, जमिनीत पुरून केलेलं), म्हणजे ५०० क्रमांकाचं प्रेपरेशन, मागवून एका एकरावर सुरुवात करावी. एकराला साधारण २५ ग्रॅम, १३ ते १५ लिटर कोमट पाण्यात, एक तास दोन्ही दिशांनी आलटून पालटून ढवळायचं: भोवरा खोल झाला की दिशा उलटी. संध्याकाळी, जमिनीत ओल असताना, मोठ्या थेंबांनी शिंपडायचं. चुका ठरलेल्या असतात: क्लोरीनचं नळपाणी, रासायनिक फवारणीचा तोच पंप, आणि ढवळून झाल्यावर सकाळपर्यंत ठेवलेलं मिश्रण. तारीख, हवामान, मातीचा वास, गांडुळं, मजूर किती तास लागले, सगळं लिहायचं. शेजारचा एक एकर नेहमीच्या पद्धतीने ठेवून त्याचीही नोंद. या प्रेपरेशन्सच्या परिणामांवर शास्त्रज्ञांमध्ये मतभेद आहेत, त्यामुळे अर्जात चमत्काराची भाषा टाळावी. नोंदवही आणि शेजारचा एकर यांना किंमत जास्त.

शिंगं पुरण्याचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबर, आणि नेमकी तेव्हाच गोड्या बहराची छाटणी. एप्रिलमध्ये खरड छाटणी. निवासी प्रशिक्षण या दोन्हींच्या मध्ये, जून ते ऑगस्टमध्ये घ्यावं, नाहीतर बाग मजुरांवर सोडून जावं लागेल आणि भुरी-डाऊनीत हंगाम जाईल. डिमीटर या बायोडायनॅमिक प्रमाणपत्राच्या मोहात एकदम पडू नये. आधी सेंद्रिय रूपांतर लागतं, द्राक्षासारख्या बहुवर्षायू पिकाला एनपीओपीप्रमाणे (भारताच्या सेंद्रिय उत्पादनाच्या मानकांप्रमाणे) ३६ महिने, आणि तांब्याच्या वापरावर मर्यादा येते. बोर्डोवर, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवारणीवर, चालणाऱ्या बागेला ते जड जातं. त्याच्या अंदाजपत्रकात कोडाईकनालच्या प्रवासाबरोबर बागेवर ठेवायच्या माणसाची मजुरी दिसली पाहिजे, जशी तुमच्यात बदली शिक्षिका दिसते.

डॉक्टरांचेही प्रश्न येतात, नाशिकमध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ असल्याने बीएएमएस, बीएचएमएस मंडळी पुष्कळ. त्यांच्यासाठी आयपीएमटी हे स्टायनर-विचारातल्या वैद्यकाचं आंतरराष्ट्रीय पदव्युत्तर प्रशिक्षण आहे: वर्षातून एक आठवडा, अशी पाच वर्षं. ते भारतातही झालेलं आहे. तिथे सवलत आयोजकांकडेच मागायची. नोंदणीकृत वैद्यकीय पदवी ही पहिली अट.

शिष्यवृत्ती मिळाली तर शाळेशी होणारा करार वाचून सही करा. दोन-तीन वर्षं तिथेच काम करण्याची अट रास्त आहे, पण मध्येच सोडावं लागलं तर किती रक्कम, कोणाला, किती हप्त्यांत परत करायची ते आकड्यांत लिहून घ्या. प्रत्येक सत्रानंतर निधीला एक पान अहवाल पाठवा, मागितला नसला तरी. काय शिकलात, वर्गात काय करून पाहिलं, काय फसलं, आणि पावत्यांची बेरीज. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय पाठवू नका. मुलांच्या हातांचे, चित्रांचे फोटो पुरतात.

नकार आला तर दोन ओळींत आभार मानून विचारा की अर्जात काय कमी पडलं आणि पुढची फेरी कधी आहे. उत्तर बहुतेक वेळा येतं. अनेकदा कारण साधं असतं, वर्षाचा निधी संपला किंवा प्रवेशपत्र वेळेत पोचलं नाही. तोच अर्ज तसाच पुन्हा पाठवू नका. मधल्या काळात झालेलं निरीक्षण, पूर्ण केलेलं सत्र, शाळेने वाढवलेला वाटा, यातलं जे नवीन असेल ते पत्राच्या पहिल्या परिच्छेदात घाला आणि अंदाजपत्रक नव्या तारखेच्या दराने पुन्हा मांडा.